एकाच वर्षी दोन वाटा

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात वाद पेटला होता, तेव्हा घरच्या ग्रुपवर मामांनी लिहिलं, ‘भाषावार राज्यं केली तिथेच चुकलं. एक भाषा, एक सरकार असतं तर देश एकजीव झाला असता.’ मी कोलंबोत राहतो. मामा म्हणतात ते इथे करून पाहिलेलं आहे.

5 जून 1956 ला सिंहलीला एकमेव राजभाषा करणारं विधेयक इथल्या संसदेत आलं. त्याच दिवशी गॉल फेसच्या मैदानावर सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. मी संध्याकाळी तिथेच फिरायला जातो आणि दर वेळी मला फ्लोरा फाउंटन आठवतं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला भारतात भाषावार राज्यं आली. आपल्याला मुंबईसह महाराष्ट्र मिळायला 1960 उजाडलं, रक्त सांडलं, पण दिल्ली शेवटी नमली.

कोलंबोही नमत आलं होतं. पंतप्रधान बंडारनायके तरुणपणी, 1926 मध्ये, स्वतः संघराज्याची बाजू मांडत होते. 1957 मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करार केला आणि भिक्खूंच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी तो मोडला. 1972 च्या राज्यघटनेत ‘एकीय’ राज्य हा शब्द आला. आपल्यालाही न सांगता कळेल असा हा शब्द. त्यानंतरच्या पिढीने 1983 ते 2009 सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध पाहिलं.

1987 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा दिल्या, तमिळलाही राजभाषा केलं. पण जमीन आणि पोलीस हे अधिकार कागदावरच राहिले. 2014 नंतर 2025 पर्यंत एकाही परिषदेची निवडणूक झाली नाही, कारभार राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यपालांकडे. मुंबई महापालिकेत मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, त्यामुळे हे मला परकं वाटत नाही. माझा जाफन्याचा तमिळ सहकारी सरकारी कार्यालयातून आलेलं सिंहली पत्र अजून दुसऱ्याकडून वाचून घेतो. पन्नाशीचा, शिकलेला माणूस, स्वतःच्या देशात.

म्हणून मी संघराज्याच्या बाजूचा आहे. हा शब्द काढला की इथे अनेकांना फाळणीच ऐकू येते. संघराज्य मागणं म्हणजे फुटीरपणा नव्हे, असं इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगूनही.

तरी एक गोष्ट मला डाचते. आमच्या आईचं माहेर बेळगावचं. रेषा कुठूनही ओढा, कुणीतरी पलीकडे राहतंच. पूर्व प्रांतात तमिळ, मुसलमान, सिंहली असे तिघंही मोठ्या संख्येने एकत्र नांदतात. तिथे सत्ता जवळ आली तर ती नेमकी कुणाच्या जवळ? सहकाऱ्याला मी हे विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने लहानपणी शाळेचे सदरे शिवणाऱ्या मुसलमान शिंप्याबद्दल सांगितलं. ऑक्टोबर 1990 मध्ये वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांनी, जाफन्यातल्या सगळ्या मुसलमानांना काही तासांत हाकललं, त्यात तोही गेला. अर्धवट शिवलेला सदरा दुकानातच राहिला होता.