भाडं कार्डावर भरण्याआधी एकदा हिशोब मांडा

घरभाडं क्रेडिट कार्डवर भरून पॉइंट कमवा, असं सांगणारा एक लेख नुकताच वाचला. मी २०२४ मध्ये पुण्यात सहा महिने हे केलं, म्हणून कळकळीने लिहितोय.

भाडं २२,०००. कार्डावरून भाडं भरून देणाऱ्या ॲपचं शुल्क दीड टक्का, म्हणजे ३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ३८९. पुढे स्टेटमेंट उघडलं तर खाली बँकेची वेगळी ओळ: भाड्याच्या व्यवहारावर १ टक्का, त्यावरही जीएसटी, २६० रुपये. महिन्याला साधारण ६४९ गेले. पॉइंट मिळाले २२०, एकाची किंमत २५ पैसे. म्हणजे ५५ रुपये! कार्डाचं बिल भरेपर्यंत पैसे ४५ दिवस बचत खात्यात राहतात म्हणावं, तर तेव्हाच्या ३ टक्क्यांनी त्याचे ८१ रुपये होत होते.

कार्डाची वार्षिक फी माफ व्हायला लागणाऱ्या खर्चात थोडीच रक्कम कमी पडत असेल, तर एखादा महिना परवडेल. आणि बिल पूर्ण भरता येणार नसेल तर या वाटेला जाऊच नका, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आल्यावर बऱ्याच ॲपनी ही सोय बंदच केली, तेही लेखात यायला हवं होतं. मी आता घरमालकांना एक तारखेला सरळ यूपीआय करतो.