दोन चौकटींत मुंबईचा इतिहास कसा बसवावा

विरार फास्टमध्ये बसायला जागा मिळाली नाही, तरी एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मुंबईचा साडेतीनशे वर्षांचा राजकीय इतिहास बोरिवली येण्याच्या आत निकालात काढता येतो, ही सोय आपल्या आधीच्या कोणत्याही पिढीला नव्हती. त्या बिचाऱ्यांना एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढाव्या लागत, किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पंख्याखालची खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहावी लागे. आता मीम आहे. परंतु मीम करणे हेही शास्त्र आहे आणि उत्साही मंडळी पुरेशी तयारी न करता, म्हणजे काही वाचून वगैरे, त्यात उतरतात तेव्हा फार नुकसान होते. या क्षेत्रात ज्यांना नाव, निदान टोपणनाव, कमवायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

चित्र आधी निवडावे आणि घटना नंतर. घटना आधी निवडून तिला साजेसे चित्र शोधत बसणारा माणूस आयुष्यभर अभ्यासकच राहतो. तुमच्या मोबाइलमध्ये धोतर-बनियनमधला, जाड भिंगांच्या चष्म्याचा विनोदी घरमालक असतो, भाड्याची खोली मिळावी म्हणून साडी नेसलेला मराठी नायक असतो, दोन बटणांपुढे उभा राहून घाम पुसणारा माणूस असतो. या आठवड्यात यांपैकी जो चालतो आहे तो घ्यावा आणि त्याच्या तोंडी कोणता नेता बसतो ते पाहावे. कोणीही बसतो. घरमालकाच्या चेहऱ्यावर मोरारजी देसाई बसतात, स. का. पाटील बसतात, वेळ पडली तर इंग्लंडचा दुसरा चार्ल्सही बसतो. जे बसत नाहीत ते इतिहासात फारसे महत्त्वाचे नव्हते असे खुशाल समजावे.

मुंबईचा इतिहास कुठून सुरू करावा याबद्दल मीमकारांत मतभेद नाहीत. तो १६६१ साली, दुसऱ्या चार्ल्सचे पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरले तेव्हाच्या हुंड्यापासून सुरू होतो. त्याआधी इथे कोळी, आगरी, भंडारी असे बरेच लोक राहत होते, पण त्यांच्यापैकी कोणाचे लग्न युरोपात झाले नसल्यामुळे त्यांची दखल घेण्याचे कारण नाही. वरच्या चौकटीत ‘इंग्लंडचा जावई: सात बेटे’ आणि खालच्या चौकटीत ‘आमचा दादा: मिक्सर आणि कुकर’ असे लिहावे. लोक हसतील. तिथेच थांबावे, कारण पुढचा प्रकार तुमच्या विनोदाहून अधिक विनोदी आहे. लग्नाचा करार झाला, पण ताबा काही मिळेना. सर अब्राहम शिपमन फौज घेऊन १६६२ मध्ये आले, तेव्हा कागदपत्रे रीतसर नमुन्यात नाहीत या कारणावरून इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोपवायला नकार दिला. फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली, तिच्यातले बहुतेक जण आणि स्वतः शिपमन तिथेच आजाराने मेले, आणि अखेर १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने जो ताबा घेतला तो सात बेटांचा मुळीच नव्हता. राजाने १६६८ मध्ये ही सगळी कटकट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली. ज्या शहरात कितीतरी सोसायट्यांचे कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी नावावर होणे, बिल्डरच्या सहीवाचून वर्षानुवर्षे लोंबकळते आहे, तिथे हा प्रसंग डोक्यावर घेतला गेला असता. पण तो सांगायला सात-आठ ओळी लागतात आणि तुमच्याकडे चौकटी दोनच आहेत.

गेटवे ऑफ इंडियाचे मीम करताना विशेष दक्षता घ्यावी. ‘ज्या दाराने आले, त्याच दाराने गेले’ हे वाक्य पोवाड्याच्या चालीवर बसते, मागे ढोलताशा लावता येतो आणि प्रजासत्ताक दिनाला हमखास चालते. त्यातला उत्तरार्ध खरा आहे. ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून बोटीकडे गेली. पूर्वार्धाची अडचण अशी की पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला तेव्हा कमानीची पायाभरणीसुद्धा झालेली नव्हती आणि त्याच्या स्वागताला तात्पुरता मांडव उभारावा लागला होता. दगडी कमान पुरी झाली १९२४ मध्ये. म्हणजे इंग्रज आले तेव्हा दार नव्हते, आणि दार बांधून झाल्यावर चोवीस वर्षांत त्यांनी त्याचा उपयोग बाहेर पडण्यासाठी केला. यातही विनोद आहे, हे कोणी तुमच्या लक्षात आणून दिल्यास त्याला ‘फील समजून घे भावा’ असे उत्तर द्यावे आणि ढोलताशाचा आवाज थोडा वाढवावा.

लोकमान्य टिळकांना काळा गॉगल घालून, मंद गतीने चालवून, मागे धडधडते संगीत लावावे आणि ‘अ‍ॅटिट्यूड’ एवढाच मजकूर टाकावा. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या, हा तपशील टाळलेला बरा. ज्यांनी सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडले आणि रस्त्यावर गोळ्या झेलल्या, त्यांच्या चेहऱ्याचे फोटो उपलब्ध नाहीत. ज्याचा फोटो नाही त्याला गॉगल घालता येत नाही, आणि ज्याला गॉगल घालता येत नाही त्याचे मीमशास्त्रात काही करता येत नाही. हा नियम एकदा अंगवळणी पडला की पुढचे काम फार सोपे होते, कारण मुंबईच्या राजकीय इतिहासात अशाच बिनफोटोच्या माणसांची गर्दी आहे आणि ती एका फटक्यात कापून टाकता येते.

खरी कसोटी लागते ती संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाला हात घालताना. इथे मीमकाराने मन घट्ट करावे. एका बाजूला मोरारजी, दुसऱ्या बाजूला आचार्य अत्रे, मध्ये कुस्तीच्या आखाड्याचे चित्र, एवढेच घ्यावे आणि बाकीच्यांना निर्दयपणे बाहेर काढावे. एस. एम. जोशी समाजवादी, डांगे कम्युनिस्ट, दादासाहेब गायकवाड आंबेडकरी चळवळीतले, प्रबोधनकार ठाकरे त्यांच्या स्वतःच्याच पंथातले, शिवाय शेतकरी कामगार पक्ष. एरवी एकमेकांच्या दारात पाऊल न टाकणारी ही माणसे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या एकाच समितीच्या मांडवाखाली आली, असे सांगितले तर आजच्या वाचकाला नेमकी कोणाला शिवी द्यावी हे कळेनासे होते. वाचकाला असे संभ्रमात ठेवणे हा मीमकाराच्या दृष्टीने गुन्हा आहे.

चिंतामणराव देशमुखांचा तर विचारही करू नये. केंद्रात अर्थमंत्री असलेला माणूस मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये खुर्ची सोडतो, ही घटना विनोदाच्या कोणत्याच साच्यात बसत नाही. आजचा वाचक तर ती सरळसरळ खोटी बातमी समजून तक्रार नोंदवील. यशवंतराव चव्हाण यांच्याबाबतीत मात्र थोडे कौशल्य लागते. ते आधी पक्षाच्या निर्णयामागे उभे राहिले, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून मंगलकलश आणणारेही तेच. अशा माणसाला कोणत्या चौकटीत घालावे याचा घोळ घालू नये. मंगलकलशाचा फोटो १ मे रोजी वापरावा, आधीचा भाग निवडणुकीसाठी राखून ठेवावा, आणि दोन्ही पोस्ट एकाच ग्रुपवर एकाच महिन्यात जाणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

हुतात्म्यांचा विषय भावनिक असल्यामुळे त्यात विनोद आणू नये, वाद आणावा. आकडा १०५, १०६ की १०७ यावर रात्री अकरानंतर सुरू झालेली चर्चा पहाटेपर्यंत सहज टिकते. चौपाटीवर सभा कशाची झाली, दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, फ्लोरा फाउंटनकडे मोर्चा कशासाठी निघाला होता, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर कोणत्या वस्त्यांत गोळीबार झाला, त्यात मेलेले लोक कामाला काय करत होते, असे प्रश्न कोणी विचारले तर मूळ मुद्द्याला फाटे फोडू नका असे बजावावे. आकडा हाच मूळ मुद्दा.

हुतात्मा चौकात जाऊन रील करायचे असल्यास जागा नीट निवडावी. मशाल धरलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा तिथे आहे, पण संध्याकाळच्या उजेडात तो फोटोला काळवंडलेला येतो. अनुभवी मंडळी काय करतात ते एखाद्या शनिवारी उभे राहून पाहावे. मुलगी केस मोकळे सोडून कठड्याशी येते, मित्र मोबाइल आडवा धरतो, एकदा पाहतो, मान हलवतो आणि तिला चार पावले सरकवून असा कोन साधतो की मशालवाले दोघेही बाहेर जातात आणि पाठीमागे रोमन देवता फ्लोरा तेवढी उरते. वर अक्षरे येतात ‘बॉम्बे डायरीज’. शहराचे अधिकृत नाव बदलून १९९५ पासून किती वर्षे झाली हे मोजू नये, हॅशटॅग अजून जुन्या नावाचाच जोरात चालतो. गिरणी संपाचे रीलही याच पद्धतीने उरकावे. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार हे सगळे एका चिमणीच्या फोटोत आणि बासरीच्या तुकड्यात मावते. चिमणी मॉलच्या पार्किंगमधून चांगली दिसते.

या व्यवसायाची थोर परंपरा सांगून नवोदितांचा हुरूप वाढवावा असे मला वाटत होते, परंतु ती परंपराच गैरसोयीची निघाली. मुंबईत राजकीय विनोद करणारे पूर्वी पुष्कळ होते. अत्र्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये दैनिक ‘मराठा’ काढला आणि त्यात सत्ताधाऱ्यांची जी सालटी काढली ती रोज सकाळी संपादकाच्या नावानिशी आणि छापखान्याच्या पत्त्यानिशी. ज्याला खटला भरायचा असेल त्याला शोधाशोध करावी लागत नसे. ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक ऑगस्ट १९६० मध्ये निघाले, तेव्हा पहिल्या अंकाच्या प्रकाशनाला मुख्यमंत्री आले होते, आणि पुढे त्याच खुर्चीची टिंगल त्या अंकांतून नावानिशी झाली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर हे चाळींच्या पटांगणात लोकनाट्य आणि पोवाडे सादर करत, तेव्हा ज्यांच्यासाठी ते चालले होते ते गिरणी कामगार समोरच मांडी घालून बसलेले असत. हरताळाची तारीख चुकली तर तिथल्या तिथे कोणीतरी उठून दुरुस्त करणार. इतकी जोखीम घेऊन विनोद करायचा म्हणजे आधी माहिती काढा, मग लिहा, वर सही करा. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये. ‘आला तसा पाठवला’ हे तीन शब्द खाली टाकले की तुमची जबाबदारी संपते, आणि ती कोणापासून सुरू झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

एवढे सगळे पथ्य पाळूनही एक संकट उरते, त्याची तयारी ठेवावी. लालबाग-परळला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या ग्रुपवर एखादे पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा असतात. ते एरवी फक्त लिफ्ट बंद असल्याचे कळवतात. तुमचे आखाड्याचे मीम पडल्यावर ते एका बोटाने ‘बाळ, मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो’ असे टाइप करतात आणि पाठोपाठ चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो. त्यात संचारबंदीत दूध कोणत्या बोळातून आणले, अश्रुधूर आल्यावर ओले फडके कोणी फेकले, शेजारच्या खोलीतला कोण परत आला नाही, असे काहीतरी असते, ज्यात अत्रेही नसतात आणि मोरारजीही नसतात. तो ऐकू नये. लगेच हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘ग्रेट आजोबा’ असे लिहावे, म्हणजे ऐकल्यासारखे दिसते. आजोबा दुसरा मेसेज रेकॉर्ड करत आहेत असे वर दिसू लागले, तर अ‍ॅडमिनला सांगून उद्याच्या पाणीकपातीची सूचना तातडीने टाकून घ्यावी. तिच्याखाली टाकी किती वाजता भरणार याची चौकशी सुरू होते, बी विंगवाले ए विंगवाल्यांवर तुटून पडतात आणि दहा मिनिटांत १९५६ साल इतके वर सरकते की ते शोधायला कोणी परत जात नाही.