रॉक की फ्युरी? मामांना विचारा

आमच्या मामांनी अमेरिकन युद्ध-कॉमिक्समधल्या सार्जंट रॉकचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा वर सरकवून विचारलं, "ह्यो आडवा कसा पडतो?"

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझ्याकडे आले होते, तेव्हा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जमवलेला कॉमिक्सचा गठ्ठा त्यांच्या हाती लागला. रॉकच्या छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात टॉमी गन, हेल्मेटचा पट्टा लोंबकळतोय. मामांचा मुद्दा सरळ होता. गोळीबार सुरू झाला की माणूस पोटावर पडतो, आणि पोटाखाली एवढं पितळ घेऊन कुणी सरपटत नाही. शिवाय पट्टे मशिनगनचे, टॉमी गनला त्यांचा उपयोग शून्य. ज्याच्यासाठी मी कॉलेजपासून भांडत आलो, त्याचा निकाल चहा निवायच्या आत लागला.

रॉक भारी की निक फ्युरी, हे ते भांडण. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघेही दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सार्जंट. रॉक डीसी या कॉमिक्स कंपनीचा, १९५९ सालचा, लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि चित्रकार ज्यो कुबर्ट. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातून आलेला, कमी बोलणारा, दमलेला माणूस. निक फ्युरी तिच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलचा, १९६३ सालचा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. दाढीचे खुंट, तोंडात चिरूट, फाटका शर्ट आणि "वाऽहू!" अशी आरोळी मारत नाझींवर तुटून पडणारी टोळी. त्यातला एक गोल टोपीवाला, एक पुढच्या अंकांत छत्री घेऊन लढाईला येतो. आता बोला.

तर माझी बाजू नेहमी रॉकची. कुबर्टची रेघ बघा, चिखल चिखलासारखा दिसतो आणि रॉकच्या डोळ्यांखालची झोप आपल्याला येते. व्हिएतनाम पेटलेलं असताना, कुबर्ट संपादक झाल्यावर, गोष्टीच्या शेवटी एक छोटा गोल शिक्का यायला लागला: 'युद्ध पुरे आता' अशा अर्थाचा. युद्धाचं मासिक विकायचं आणि शेवटच्या चौकटीत हे छापायचं, याला छाती लागते. तिकडे फ्युरीच्या मुखपृष्ठावर काय, तर 'युद्धाची मासिकं न आवडणाऱ्यांसाठीचं युद्धाचं मासिक'. म्हणजे शुद्ध चावटपणा. स्टॅन ली तर सांगायचा की हे मासिक पैजेतून निघालं, कितीही वाईट नाव दिलं तरी खपवून दाखवतो म्हणून.

एवढ्यावर मी खूश होतो. मग कर्बीचं चरित्र वाचनात आलं आणि गोची झाली.

या चौघा लेखक-चित्रकारांत युरोपच्या आघाडीवर पायदळात लढलेला माणूस एकच, जॅक कर्बी. ऑगस्ट १९४४ मध्ये तो नॉर्मंडीला उतरला, अमेरिकन जनरल पॅटनच्या तिसऱ्या आर्मीत. चित्रकार आहे कळल्यावर वरिष्ठांनी त्याला पुढे जाऊन नकाशे काढायला लावलं म्हणे, म्हणजे सगळ्यात आधी गोळी खायची ड्यूटी. त्या हिवाळ्यात त्याचे पाय हिमदंशानं असे सुजले की कापायची वेळ आली होती. स्टॅन ली सैन्यात होता, पण अमेरिकेतच, प्रशिक्षणाच्या फिल्म लिहीत. कुबर्ट १९२६ चा, सैन्यात गेला तो महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी. मग ज्यानं बर्फात पाय गमावता गमावता वाचवले तो 'वाऽहू' काढतो आणि ज्यानं ते युद्ध पाहिलं नाही तो चिखल काढतो, असं कसं?

मी मामांना हे सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मामा १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. आम्ही लहानपणापासून त्यांच्या ज्या गोष्टी ऐकल्या त्या अशा: कुणीतरी बदक पकडलं, ते रात्री ओरडायला लागलं, मग सगळ्यांनी मिळून बदकाचं तोंड कसं धरलं. लंगरचा हवालदार मीठ विसरला. बस. बाकी काही विचारलं की ते गुरांना पाणी दाखवायला उठायचे.

त्यानंतर मी दोघांचे अंक पुन्हा वाचले. एक गोष्ट इतकी वर्षं दिसली नव्हती. रॉकच्या 'इझी कंपनी' या तुकडीत बुलडोझर, वाइल्डमन, आइस्क्रीम सोल्जर, जॅकी जॉन्सन हे नेहमीचे गडी टिकून राहतात. मरतो तो नवीन आलेला पोरगा. पहिल्या पानावर त्याचं नाव कळलं, घरून पत्र आलं, की समजायचं हा गेला. गोष्ट कितीही करुण असो, वाचकाला आतून धीर असतो. उलट त्या फाजील वाटणाऱ्या फ्युरीत चौथ्याच अंकात टोळीतला ज्युनियर ज्युनिपर मरतो. ना आधी सूचना, ना मोठं भाषण. पुढच्या अंकात तो नाही. आघाडीवर मरण कसं येतं याचा हिशेब कुणाकडे जास्त खरा, सांगा?

तरी मी रॉक सोडलेला नाही, गैरसमज नको. १९७१ ची 'हेड-काउंट' ही गोष्ट मिळाली तर वाचा. व्हिएतनामात अमेरिकन सैनिकांनी केलेलं माय लाईचं हत्याकांड ताजं असताना आलेली. आपल्याच बाजूचा सैनिक, त्याला वीर म्हणायचं की खुनी, हे ती वाचकावर सोडते. फ्युरीच्या अख्ख्या मालिकेत मला याच्या जवळपास जाणारं काही सापडलेलं नाही. आणि कर्बीनं १९७४-७५ मध्ये डीसीसाठी 'लूजर्स' या युद्धमालिकेचे बारा अंक स्वतः लिहिले-काढले, त्यात आरोळी नाही.

दोघांनी एक थाप मात्र सारखीच मारली, आणि ती मला आवडते. रॉककडे जॅकी जॉन्सन, फ्युरीकडे गेब जोन्स, दोघं कृष्णवर्णीय, गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून. खऱ्या सैन्यात तेव्हा तुकड्या वेगळ्या होत्या, त्या एकत्र करायचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा आदेश आला १९४८ ला. फ्युरीच्या पहिल्या अंकात तर रंग भरणाऱ्यांना चूक वाटली, त्यांनी गेबला गोरा करून टाकला!

आता माझी खरी तक्रार. इझी कंपनी इटलीत लढते. त्याच इटलीत १९४४ च्या जुलैमध्ये रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मशिनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंगांतून मागे आणलं. हाताला गोळी लागून टॉमी गन चालेना म्हणून ती टाकून दिली, हातबॉम्बनी ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. माझ्या गठ्ठ्यातल्या रॉकच्या इटलीत यांच्यातलं कुणी चौकटीच्या कोपऱ्यातही दिसत नाही.

मामांना हे वाचून दाखवलं. ते फ्युरीचा अंक चाळत होते. "हे वाऽहू म्हंजे काय?" म्हणाले.

म्हटलं, मामा, ती त्यांची आरोळी.

"बरी हाय. आखूड हाय. आपली लई लांब, चढावर धाप लागती."

जाताना तो अंक ते पिशवीत घालून घेऊन गेले. दोन वर्षं झाली, परत मागायची माझी हिंमत नाही. रॉक मात्र इथेच ठेवून गेलेत, सगळेच्या सगळे.