भीती कागदपत्रांतून येते

‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. ‘ड्रॅक्युला’ची भीती काउंटच्या, म्हणजे त्यातल्या रक्तपिपासू सरदाराच्या, व्यक्तिमत्त्वात आहे, हे तुमचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटलं. १८९७ सालची ही कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातली कात्रणं यांतून उभी राहते आणि त्यात काउंटची स्वतःची रोजनिशी कुठेच नाही! सुरुवातीची काही प्रकरणं सोडली तर तो समोर येतो तरी कितीसा?

काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमिटर’ जहाजाची नोंदवही पुन्हा वाचा. एकेक खलाशी नाहीसा होत जातो, कप्तान कोरडेपणाने तारीख घालून लिहीत राहतो. पुढे जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतं तेव्हा तो सुकाणूला हात बांधलेल्या अवस्थेत मेलेला सापडतो, हात आणि लाकूड यांच्यामध्ये क्रूस. काउंट त्या नोंदींत जेमतेम दिसतो, तरी मला रात्री दिवा मालवायचा धीर झाला नव्हता.

आणि कादंबरीची नायिका मीना हिच्याबद्दल दोनच ओळी का? सगळ्या नोंदी टंकलिखित करून तारखांप्रमाणे लावते ती. तिच्या या कामाशिवाय काउंटच्या मागावर असलेल्या पुरुषांना काउंटचा माग लागलाच नसता. तिच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, वाट बघते.