‘दोन्ही वाढले म्हणजे समचलन’ हा नियम नाही

नाशिकमधील आठवीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत गणितातील चलनावरचा, म्हणजे दोन राशी (मोजता येणाऱ्या गोष्टी) एकमेकींबरोबर कशा बदलतात यावरचा, एक संदेश सारखा पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा : एक राशी वाढल्यावर दुसरीही वाढली तर समचलन, एक वाढल्यावर दुसरी घटली तर व्यस्तचलन, आलेख सरळ रेषेत आला तर समचलन पक्के, आणि पुढचे सारे त्रैराशिकाने, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीने, सुटते. पाठ करायला हे सोपे असले, तरी चारही विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि त्यांच्या भरवशावर सोडवलेली उदाहरणे चुकतात.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. मखमलाबादला राहणाऱ्या माझ्या भाचीला मी विचारले, की रिकामे क्रेट २ किलोचे असून त्यात ५ किलो द्राक्षे भरल्यावर काटा ७ किलो दाखवतो, तर १० किलो द्राक्षे भरल्यावर तो किती दाखवेल? तिने वहीत १४ लिहिले आणि म्हणाली, “मामा, दोन्ही वाढतात ना, मग दुप्पट!” तिला सारणी मांडायला लावली : ५ ला ७, १० ला १२, १५ ला १७. दोन्ही राशी वाढतात हे खरेच, पण ७ भागिले ५ म्हणजे १.४ आणि १२ भागिले १० म्हणजे १.२, गुणोत्तर टिकत नाही. तीच द्राक्षे ६० रुपये किलोने विकली, तर ५ किलोचे ३०० आणि १० किलोचे ६०० रुपये होतात, आणि भागाकार दर वेळी ६० येतो. हा ६० म्हणजे चलनाचा स्थिरांक. क्ष आणि य या दोन राशी आणि क हा स्थिरांक धरून य = क × क्ष असे लिहिता येते तेव्हाच समचलन असते; वाढ हे त्याचे लक्षण नव्हे. क ऋण असेल, तर क्ष वाढताना य घटतो आणि तरीही समचलन असते, हे तर संदेशात कुठेच नाही.

व्यस्तचलनाचेही तसेच. ६० ओळींच्या बागेतील १० ओळी खुडल्या तर ५० उरतात, २० खुडल्या तर ४०. एक राशी वाढते, दुसरी घटते, पण येथे बेरीज स्थिर आहे. व्यस्तचलनाला गुणाकार स्थिर लागतो : सर्वांचा कामाचा वेग सारखा धरल्यास, १२ जणी जी बाग ६ दिवसांत खुडतात ती २४ जणी ३ दिवसांत खुडतील, कारण दोन्ही वेळा गुणाकार ७२ येतो.

सरळ रेषेबद्दल एवढेच, की ती आरंभबिंदूतून, म्हणजे दोन्ही राशी शून्य असतात त्या बिंदूतून, जायला हवी. निफाडला पारा ५ अंश सेल्सिअसवर असतो तेव्हा तो ४१ अंश फॅरनहाइट असतो, आणि १० अंशांवर ५०. आलेख अगदी सरळ, पण ० अंशाला ३२ येतात, म्हणून हे समचलन नव्हे.

राहिले त्रैराशिक. फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे (प्रमाण म्हणजे दिलेली राशी, फळ म्हणजे तिच्यासाठी दिलेली किंमत, इच्छा म्हणजे जिच्यासाठी उत्तर हवे ती राशी), ही आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिलेली रीत निर्दोष आहे, पण ती समचलन असलेल्या राशींसाठी आहे. समचलन आहे की नाही, हे ती रीत सांगत नाही. ते आधी तपासावे लागते. भाची आता सारणीची सुरुवात शून्यापासून करते : द्राक्षे ०, काट्यावर २ किलो. तेथेच तिला कळते, की येथे त्रैराशिक चालणार नाही.