वेप सापडलं म्हणून पोराला शाळेबाहेर काढू नका

टेक्सासमधल्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय. जरा मोठं आहे, पण वाचा.

दप्तरात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं की मुलाला वर्गातून उचलून बाहेर काढायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. इथे २०२३ मध्ये तसा कायदाच झाला. शाळेत वेप सापडलं की पहिल्याच वेळी डीएईपी, म्हणजे शिक्षा झालेल्या मुलांच्या वेगळ्या शाळेत रवानगी. ना बँड, ना फुटबॉल, ना शाळेचा कुठला कार्यक्रम. मारामारी करणारी आणि बाथरूममध्ये एक झुरका मारणारी पोरं एकाच छपराखाली. जागा पुरेनात. शेवटी २०२५ मध्ये पहिल्या वेळेसाठी ही सक्ती काढली. आता बरंचसं शाळेच्या हातात आहे, म्हणूनच आपण बोलायला हवं.

हे नुसत्या बेशिस्तीचं प्रकरण नाही, व्यसनाचं आहे. जूल या वेप कंपनीच्या ५ टक्के निकोटीनवाल्या एका पॉडमध्ये, म्हणजे वेपमध्ये बसवायच्या छोट्या कुपीत, साधारण पाकीटभर सिगारेटींइतकं निकोटीन असतं, असं खुद्द कंपनीच सांगायची. वेप दिसायला पेनड्राइव्ह किंवा हायलायटर, वास आंब्याचा नाहीतर मिंटचा. आईला कपड्यांचा वाससुद्धा येत नाही. पोरगं दर तासाला बाथरूमची परवानगी मागतं, कारण मधल्या वेळेत त्याला चैनच पडत नाही. निकोटीन तुटलं की चिडचिड होते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस तर फारच जड जातात. नेमक्या त्या दिवसांत आपण त्याला ओळखीच्या शिक्षकांपासून तोडतो. घरी बसवलं तर आईबाबा कामावर, पोरगं एकटं, आणि वेप मिळवायला फोन पुरतो. यात सुटलं काय?

दुसरा रस्ता आहे आणि तो तयार आहे. अमेरिकन लंग असोसिएशनचा ‘इनडेप्थ’ हा कार्यक्रम सस्पेन्शनऐवजी वापरण्यासाठीच बनवलाय. चार सत्रं, आणि ती घ्यायला शाळेतलाच प्रशिक्षण घेतलेला मोठा माणूस. तू का ओढतोस, कधी ओढतोस, निकोटीन तुझ्याकडून काय करून घेतंय, यावर मुलाला बोलतं करायचं. स्टॅनफर्डचाही असाच अभ्यासक्रम आहे. खरोखर सोडायचं असेल त्यांच्यासाठी ‘नॉट ऑन टोबॅको’ आहे. वेप जप्त जरूर करा, घरी फोनही करा, पण त्या फोनमध्ये पुढच्या सत्राची वेळ सांगा.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. इथे २१ वर्षांखालच्या कुणालाही हे विकणं २०१९ च्या डिसेंबरपासून बेकायदा आहे. भारतात त्याच वर्षी ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी आली. म्हणजे मूळ गुन्हा विकणाऱ्याचा. मग वर्ष वाया जातं ते चौदा वर्षांच्या पोराचं का?

आपल्या लोकांत तर गोष्ट दाबायचीच घाई. मंडळात कळेल, कॉलेजच्या अर्जात येईल. या भीतीपोटी डॉक्टरांकडेही नेत नाहीत. न्या हो! पीडियाट्रिशियनला हे रोजचं आहे, त्यांना तुमच्या मुलाचं नवल वाटणार नाही.

दर ऑगस्टला आपण स्टुडंट कोड ऑफ कंडक्टवर न वाचता सही ठोकतो. या वेळी त्यातलं ई-सिगारेटचं पान उघडा आणि काउन्सेलरला विचारा: पहिल्यांदा सापडलेल्या मुलासाठी तुमच्याकडे कोणता कार्यक्रम आहे, तो घेणारं माणूस कोण? उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं तर प्रिन्सिपलना ईमेल करा. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मी लिहून देते.