नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण ताटकळत ठेवू नका

काल मुलीच्या शाळेतून उत्तर आलं. दीड ओळीचं. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून विषय विचाराधीन आहे.' पत्र मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्यांबद्दल होतं. चार दारं आहेत, त्यातल्या तीन दारांना आतून कडी नाही. हे पहिल्यांदा लेखी दिलं तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. आता ती नववीत आहे. दोन वर्षं झाली. ते पत्र हातात धरलं आणि डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

कडी म्हणजे बोटाएवढी लोखंडी पट्टी, चार स्क्रू आणि पेचकस हातात असलेला एक माणूस. वीस मिनिटांचं काम. आणि ती नसल्यामुळे काय होतं तेही ऐका. एका दाराला मुलींनी बुटाची नाडी बांधली आहे, ती आतून एका हातात घट्ट धरून बसायचं. बाकीच्या दोन दारांना बाहेरून मैत्रिणीनं पाठ लावून उभं राहायचं. मैत्रीण नसेल तर जायचंच नाही. जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. माझी मुलगी घरी आली की दप्तर दारातच टाकून बाथरूमकडे धावते. मी तिची पाण्याची बाटली बाहेर काढते, तर सकाळी भरून दिली तेवढीच जड. रोज. पाळीच्या दिवसांत ती शाळेतच जात नाही, आणि मग हजेरी कमी का म्हणून मलाच बोलावणं येतं.

स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२२ पासून शाळा, कॉलेजं आणि विद्यापीठांनी सॅनिटरी पॅड मोफत ठेवणं कायद्यानं बंधनकारक झालं. मी तर त्याहून कितीतरी कमी मागते आहे. दार बंद व्हावं, एवढंच.

मला कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं असतं तर मी भांडले असते, वर गेले असते, चार पालक गोळा केले असते. पण नाही कुणी म्हणतच नाही. 'ताई, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे.' 'मॅडम, पुढच्या बैठकीत नक्की घेऊ.' 'अहो, आत्ता परीक्षा आहेत, त्या होऊन जाऊ द्या.' परीक्षा झाल्या की सुट्ट्या. सुट्ट्या संपल्या की प्रवेशाची गडबड. मग स्नेहसंमेलन. मग परत परीक्षा. शाळा-कॉलेजात बदल मागणाऱ्या प्रत्येकाला हे वर्षचक्र तोंडपाठ असतं. आणि आपण ते पाठ करेपर्यंत आपली बॅच बाहेर पडलेली असते, हे आत बसलेल्यांना आपल्या आधीपासून माहीत असतं.

याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. विद्यार्थी तीन-चार वर्षं असतो, संस्था कायमची असते. विरोध करायची गरजच नाही, नुसतं थांबलं तरी भागतं.

हे मी कॉलेजात असतानाही भोगलंय. आमच्या वर्गात व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा होता. ग्रंथालयाला सात पायऱ्या. रोज दोघं जण खुर्चीसकट त्याला उचलून वर न्यायचे, आणि तो दर वेळी हलक्या आवाजात 'सॉरी यार' म्हणायचा. रोज, जाताना आणि येताना. तो 'सॉरी' अजून माझ्या कानात आहे. पुढे पुढे त्यानं वर येणंच सोडलं, आम्ही त्याला पुस्तकं खाली आणून द्यायचो. आम्ही सह्यांची मोहीम काढली, सहाशेच्या वर सह्या जमवल्या, निवेदन दिलं, शिक्का मारलेली पोच घेतली. समिती नेमली गेली. समितीत आमच्यातला एक जण घेतला, तो मुलगा मात्र नाही. दोन बैठका झाल्या. मग निधीचा प्रश्न आला. मग आमची शेवटची परीक्षा आली आणि आम्ही बाहेर पडलो. तोही बाहेर पडला, पदवी घेऊन, ज्या ग्रंथालयात त्याला एकदाही स्वतःच्या मर्जीनं जाता आलं नाही ते तसंच मागे ठेवून.

काही वर्षांनी रॅम्प झाला. कधी? तपासणी समिती येणार होती तेव्हा! निधीचा प्रश्न पंधरा दिवसांत सुटला. मी मुद्दाम जाऊन बघितला. एक फूट चढायचं तर निदान बारा फूट लांबीचा उतार हवा, हे प्रमाण देशोदेशीच्या बांधकाम नियमांत असतं. इथे सात पायऱ्यांची उंची जेमतेम दहा-बारा फुटांत उरकली होती. वर पोचलं की दारात चार बोटं उंच उंबरा. चाक अडणारच. बांधणाऱ्यानं व्हीलचेअरवर बसणाऱ्या एका माणसाला विचारलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण रॅम्प त्याच्यासाठी नव्हताच, तो फोटोसाठी होता.

आपल्याकडेच असं होतं असं कुणी समजू नये. चिलीत २००६ साली शाळेतली मुलं लाखोंच्या संख्येनं रस्त्यावर आली. गडद निळ्या-पांढऱ्या गणवेशामुळे लोक त्यांना पेंग्विन म्हणायचे. त्यांच्या मागण्या काय होत्या? बसचा पास मोफत हवा, विद्यापीठ प्रवेश परीक्षेची फी नको, आणि लष्करी राजवटीनं जाता जाता, अगदी शेवटच्या दिवसांत करून ठेवलेला शिक्षण कायदा रद्द करा. पैशाच्या काही मागण्या सरकारनं मान्य केल्या. मुळातल्या प्रश्नांसाठी सत्तराहून अधिक लोकांची सल्लागार परिषद नेमली. नवा कायदा यायला २००९ उजाडलं, आणि त्यावर मुलांचं समाधान झालंच नाही. तोवर २००६ ची मुलं शाळा सोडून विद्यापीठांत गेली होती, आणि २०११ साली विद्यार्थ्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. त्या आंदोलनातला एक विद्यार्थी नेता, गॅब्रिएल बोरिक, २०२२ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. लोक हे प्रेरणादायी म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं: एका पिढीची अख्खी शाळा त्यात गेली. ज्यांना तो बसचा पास, ती वर्गखोली, तो शिक्षक त्या वयात हवा होता त्यांना ते वय परत कोण देणार?

आणि 'मुलांना हे सुचतच नाही, बाहेरून कुणीतरी भरवतं' असं म्हणणारे भेटले की माझं रक्त उकळतं. अमेरिकेत व्हर्जिनियात १९५१ साली बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठीची तिची शाळा १८० जणांसाठी बांधलेली, आणि शिकत होती साडेचारशेहून अधिक. उरलेल्यांसाठी डांबरी कागद लावलेल्या लाकडी खोल्या, थंडीत गारठलेल्या, पावसात गळणाऱ्या. मोठ्यांनी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या होत्या, आश्वासनं मिळत होती. शेवटी २३ एप्रिल १९५१ ला तिनं सगळ्या शाळेला वर्गाबाहेर काढलं. त्यातून उभा राहिलेला दावा पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. मग त्या परगण्यानं काय केलं? १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. न्यायालयाचा निकाल हातात असूनही मुलं घरी! त्या पाच वर्षांत सहा वर्षांचं मूल अकरा वर्षांचं होतं. वेळकाढूपणा हा किती क्रूर असू शकतो ते यावरून कळावं.

आता विद्यार्थी प्रतिनिधी. आमच्या मुलीच्या शाळेत आहे की! वर्गातली सगळ्यात शांत, सगळ्यांत जास्त मार्क मिळवणारी मुलगी निवडली जाते, म्हणजे शिक्षकच निवडतात. तिला बैठकीला बोलावतात, पाहुण्यांना फुलं द्यायला लावतात, शेवटी फोटो. कड्यांचा विषय तिनं एकदा काढला तर 'हे असले विषय सगळ्यांसमोर काढायचे नसतात' म्हणून तिला खाली बसवलं. चौदा वर्षांची पोर. त्यानंतर ती त्या बैठकीत एक शब्द बोललेली नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला, त्याच्या बाराव्या कलमात मुलांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि त्या मताची योग्य ती दखल घेतली जाण्याचा हक्क दिला आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. हा सहभागच नव्हे, असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय. आमची शाळा तिसऱ्या पायरीवरही धड पोचलेली नाही.

आणि धमक्या. उघड कुणी देत नाही. 'तुमची मुलगी हुशार आहे हो, तिचं नाव कशाला असल्या गोष्टींत?' 'पुढे दाखल्यावर शेरा लिहायची वेळ यायला नको.' हे मला माझ्या तोंडावर, हसत हसत सांगितलं गेलं. माझ्याबरोबर पहिल्या पत्रावर सही करणाऱ्या सात आया होत्या, दुसऱ्या पत्रावर तीन उरल्या. मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येकीचं मूल त्याच शाळेत बसतं.

म्हणूनच मला गॅलोडेट विद्यापीठातली मुलं राहून राहून आठवतात. बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीचं वॉशिंग्टनमधलं ते विद्यापीठ. १८६४ पासून १९८८ पर्यंत तिथे एकही बहिरा अध्यक्ष झाला नव्हता. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा एका ऐकू येणाऱ्या व्यक्तीचीच निवड केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. मागण्या चारच होत्या. निवडलेल्या अध्यक्षांनी पायउतार व्हावं आणि त्यांच्या जागी बहिरा अध्यक्ष नेमला जावा, विश्वस्तांच्या प्रमुखांनी राजीनामा द्यावा, विश्वस्त मंडळात बहिऱ्यांचं बहुमत असावं, आणि चौथी: आंदोलनात भाग घेतला म्हणून कुणावरही कारवाई होऊ नये. आठवड्याभरात निकाल लागला. आय. किंग जॉर्डन पहिले बहिरे अध्यक्ष झाले. एका आठवड्यात! जे सव्वाशे वर्षं अशक्य होतं ते आठ दिवसांत कसं शक्य झालं? करायचं ठरलं की होतं, म्हणून. ती चौथी मागणी तर प्रत्येक निवेदनात पहिल्या ओळीत लिहायला हवी. आम्ही लिहिली नाही, आणि चार सह्या गेल्या.

घरच्यांचंही ऐकून घेते आहे. 'दोन वर्षांनी ती दहावी होऊन बाहेर पडेल, कशाला डोक्याला ताप?' अरे, पण यंदा पाचवीत आलेल्या मुली? त्या आता पाणी न पिता दिवस काढायला शिकतायत. मोठ्या मुली त्यांना कोणती नाडी कशी धरायची ते दाखवतायत. माझ्या मुलीनं स्वतः दाखवलंय. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं आणि त्याच रात्री मी तिसरं पत्र लिहायला बसले.

या पत्रात विनंती नाही, कळकळ नाही, 'सहकार्याची अपेक्षा' नाही. तीन दारांचे तीन फोटो आहेत. आधीच्या दोन पत्रांच्या पोचांच्या प्रती आहेत. सही करणाऱ्या पालकांच्या एकाही मुलाला त्रास होणार नाही असं लेखी द्या, ही पहिली मागणी आहे. आणि खाली मी दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत: कडी बसवण्याची तारीख, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव व सही. उद्या सकाळी दहाला मी कार्यालयात जाणार आहे. त्या दोन ओळी भरून मिळेपर्यंत तिथल्या बाकावरून उठणार नाही.